कुकीवरचा विनोद आणि पोटातला रंग

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की मुंबई-पुण्यातल्या घरगुती बेकरांच्या ओट्यावर ओळीने माणसे झोपलेली दिसतात. चपटी, हातपाय पसरलेली, मैद्याची. कोणाला लाल टोपी, कोणाला पांढरी दाढी. एकाचा पाय मुद्दाम तोडलेला आणि चेहऱ्यावर ‘आई गं’ असा भाव. हाच साचा उलटा धरला की माणसाचे डोके रेनडिअरचे नाक होते आणि पसरलेल्या पायांची शिंगे होतात. एका साच्यात दोन पात्रे, आणि कार्ट्यांना हसवायला तेवढे पुरते.

नाताळपुरती ही गंमत आता राहिलेली नाही. निवृत्तीच्या समारंभाला आरामखुर्ची, चष्मा आणि घडी घातलेल्या वर्तमानपत्राच्या कुकी असतात. डोहाळजेवणाला झबली आणि पाळणे. गणपतीत मोदक पळवणारा उंदीर. डॉक्टरांच्या पार्टीत रक्तदाबाचे यंत्र, आणि त्याचा काटा खाणाऱ्याला घाम फुटेल अशा आकड्यावर. मैदा, लोणी, साखर आणि अंडे यांच्या साध्या चकतीवर साखरेच्या लेपाने चित्र काढायचे, एवढीच ही कला. पण तिच्यात हजरजबाबीपणा लागतो, हात स्थिर लागतो. केक एकटाच कापला जातो. कुकी प्रत्येकाच्या हातात वेगळी पडते आणि प्रत्येकजण शेजाऱ्याची बघतो. पार्टीत संवाद सुरू करून देणारा इतका स्वस्त पदार्थ दुसरा नसेल. म्हणूनच तिच्याविषयी लिहिताना नाक मुरडण्याचे कारण नाही. कारण आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. गेल्या काही वर्षांत या चित्रांचा रंग गडद होत चालला आहे, त्यावर चकाकी चढते आहे, आणि ते चित्र भिंतीवर लागत नाही, तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात जाते.

साखरेचे किंवा पिठाचे चित्र करण्याची हौस जुनी आणि जगभरची आहे. जर्मनीतल्या जत्रांमध्ये मसालेदार पिठाची मोठाली बदामी हृदये मिळतात. त्यांच्यावर साखरेच्या लेपाने प्रेमाचे, चेष्टेचे संदेश लिहिलेले असतात आणि ती फितीने गळ्यात अडकवून मिरवायची असतात. उत्तर क्रोएशियात ‘लिसितार’ नावाची लालभडक, नक्षीदार हृदये करतात. युनेस्कोने २०१० साली ही कारागिरी अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ही हृदये लोक एकमेकांना भेट देतात, झाडावर टांगतात, वर्षानुवर्षे जपून ठेवतात. खाण्याच्या वस्तूंपासून केलेले ते दागिने आहेत.

महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणातल्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात, ते याच जातीचे. मंद आचेवर खसखस किंवा तीळ हलवत राहायचे आणि थेंब थेंब पाक सोडत राहायचे; पाण्याचा अंश उडून साखरेचे स्फटिक दाण्यावर बसतात आणि काटा फुलतो. दागिना करायला हलवा पांढरा असतो, फार तर मधूनमधून केशरी. लग्नातल्या रुखवताचे तर काय विचारावे. लाडवांची उतरंड, चकल्यांच्या बैलगाड्या, सासरच्यांना कोपरखळी मारणारी चित्रे आणि पाट्या. रुखवत पाहायला माणसे रांग लावत, हसत, नावे ठेवत; पण रुखवतावरचा देखावा कोणी तिथल्या तिथे पोराच्या तोंडात कोंबत नसे. देखाव्याचे आणि ताटातले यांच्यात एक सीमा होती, ती न बोलता पाळली जात असे.

रंगीत कुकीने ही सीमा पुसली. ती देखाव्यासारखी रंगवली जाते आणि ताटातल्यासारखी खाल्ली जाते. देखाव्याचे नियम आणि खाण्याचे नियम एकाच वेळी लागू करायचे म्हटले की खाण्याचे हरतात, कारण कुकीचा फोटो आधी काढला जातो आणि चव नंतर घेतली जाते. मोबाइलच्या पडद्यावर फिकट गुलाबी सांताक्लॉज आजारी वाटतो. ग्राहक म्हणतो, ‘ताई, लाल म्हणजे अगदी लाल हवा.’ ताई काय करणार? तिने नाही म्हटले तर पुढच्या गल्लीतली दुसरी हो म्हणते.

लाल ‘अगदी लाल’ करायला किती रंग लागतो, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. आयसिंग म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्यात घोटलेली अतिबारीक साखर. साखरेचे ते असंख्य सूक्ष्म कण आणि घोटताना अडकलेले हवेचे बुडबुडे प्रकाश सर्व दिशांना परतवतात, म्हणून लेप शुभ्र दिसतो. या शुभ्रतेवर मात करायची असेल, तर रंग भरपूर ओतावा लागतो. थोडा घातला तर गुलाबी, आणखी घातला तर राणी, बराच घातला तर कुठे लाल. काळ्याचे हाल याहून वाईट. राखाडी रंगावरून पुढे सरकता सरकत नाही. जाणते बेकर म्हणूनच रंग कालवून काही तास ठेवून देतात, कारण लाल आणि काळा मुरल्यावर आपोआप गडद होतात. घाईतले बेकर बाटली आणखी पिळतात. रात्रभरात तोच रंग शेजारच्या पांढऱ्या दाढीत उतरतो आणि सांता पान खाऊन आल्यासारखा दिसतो, ती शिक्षा वेगळीच.

भारतात खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टार्ट्राझीन आणि सनसेट यलो हे पिवळ्या-नारिंगी कुळातले, पॉन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन हे लाल, इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू हे निळे, आणि फास्ट ग्रीन हिरवा. बिस्किटे, केक अशा पदार्थांत त्यांची कमाल मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. कारखान्यात हे वजन काट्यावर होते. घरच्या ओट्यावर माप असते ‘रंग येईपर्यंत’. टूथपिकच्या टोकाने घेतलेला रंग, नंतर चमच्याने, मग थेट बाटलीतून. बाटलीत शुद्ध रंग किती आणि पातळ करणारे द्रव्य किती, हे अनेक बाटल्यांवर धड छापलेले नसते. मर्यादा पाळायची इच्छा असली, तरी मोजायचे कशाने?

इथे घाबरवण्याचा मोह टाळला पाहिजे. परवानगी असलेला रंग मर्यादेत खाल्ला म्हणजे विष खाल्ले, असे नाही. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण दिलेल्या मुलांमध्ये चळवळेपणा थोडा वाढलेला त्यात आढळला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे दोष नेमका कोणत्या घटकाचा हे सांगता येत नव्हते. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेनेही पुरावा मर्यादित असल्याचेच म्हटले. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर ‘मुलांच्या वागणुकीवर आणि एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक केले. त्या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे चार आपल्या आठांच्या यादीत आहेत. एरिथ्रोसिनची गोष्ट आणखी ताजी. नर उंदरांत मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या गाठी होतात, हे दिसून दशके लोटल्यावर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. माणसाला त्याच प्रकारे धोका असल्याचे सिद्ध झाले म्हणून नव्हे. प्राण्यांत कर्करोग घडवणारा पदार्थ अन्नात नको, असे तिथला कायदा सांगतो म्हणून. लेप दुधासारखा पांढरा करणाऱ्या टायटॅनियम डायॉक्साइडला युरोपीय संघाने २०२२ साली अन्नातून बाद केले. अमेरिकेत तो अजून चालतो.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. ज्या वस्तूविषयी जगातल्या तज्ज्ञ संस्थांचे एकमत नाही, जिला चव नाही, पोषण नाही, जिच्यावाचून पदार्थ बिघडत नाही, ती मुलांच्या खाऊत मोजमापाविना ओतण्यात शहाणपण नाही. एवढ्यासाठी आणखी पन्नास वर्षे पुराव्याची वाट पाहायची गरज नाही.

गडद रंगाचा एक परिणाम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतो. काळ्या-निळ्या कुकी खाल्लेल्या मुलाचे शौच हिरवेगार होते, लाल कुकींनी लालसर होते आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो. १९७२ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अशाच एका १२ वर्षांच्या अमेरिकन मुलाची नोंद आली होती. शौचातून रक्त जात असल्याच्या संशयाने त्याला रुग्णालयात ठेवले, तपासण्या झाल्या, आणि अखेर दोषी ठरली ती न्याहारीच्या एका रंगीत तृणधान्याची वाटी. रंग न पचता बाहेर पडला होता, इतकेच. मुलाच्या पार्टीनंतर घाबरून दवाखाना गाठण्याआधी आदल्या दिवशी ताटलीत काय होते हे आठवावे. मात्र पोटात दुखत असेल, ताप असेल किंवा रंग दोन-तीन दिवसांत गेला नाही, तर कुकीवर सगळे खापर फोडून घरी बसू नये.

परवानगीच्या रंगांचा प्रश्न मात्रेचा आहे. परवानगीबाहेरच्या रंगांचा प्रश्न मात्रेचा नाहीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’ अर्थात कॉटन कँडीवर बंदी घातली, कारण नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी सापडला. हा कापड आणि कागद रंगवायचा रंग. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कॉटन कँडी आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांविरुद्ध पाऊल उचलले. जत्रेतल्या फेरीवाल्याकडे सारे बोट दाखवतात. चकचकीत डब्यात, साटीनच्या फितीने बांधलेल्या, नगाला शंभर-दीडशे रुपये मोजलेल्या कुकीला असा प्रश्न कोणी विचारत नाही. महाग म्हणजे शुद्ध, ही समजूत अन्नाच्या बाबतीत फार जणांना फसवते.

आता चकाकी. नक्षीच्या कुकीवर सोनेरी, गुलाबी-सोनेरी, मोतिया अशी झळाळती पूड ब्रशने फिरवतात. परीच्या पंखांवर, ख्रिसमसच्या ताऱ्यावर, वाढदिवसाच्या आकड्यावर. ही पूड छोट्या डब्यांतून विकली जाते आणि काही डब्यांवर लिहिलेले असते ‘नॉन-टॉक्सिक’. वाचणारा समजतो, खायला हरकत नाही. इथेच घात होतो. ‘बिनविषारी’ आणि ‘खाण्याजोगे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. शाळेच्या दप्तरातला खडूही बिनविषारी असतो. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली पूड हस्तकलेसाठी असू शकते, न खाण्याच्या साखरफुलांसाठी असू शकते. खाण्यासाठी ती तपासलेली आहे, असा त्या शब्दाचा अर्थ होत नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात या फरकाची किंमत नोंदलेली आहे. २०१८ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर गुलाबी-सोनेरी पुडीचा जाड थर होता. त्यात निघाले तांबे, अगदी धातूच्या पुडीचे तांबे. २०१९ मध्ये मिसुरीत एका लहान मुलाच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. भिंतीचा रंग, नळाचे पाणी असे नेहमीचे संशयित तपासता तपासता माग लागला तो केकवरच्या सजावटीच्या पिवळ्या पुडीपर्यंत. त्या पुडीत सुमारे चतुर्थांश भाग शिसे होते. दोन्ही ठिकाणी कोणाचा हेतू वाईट नव्हता. कोणीतरी प्रेमाने सजवले होते.

शिशाच्या बाबतीत सुरक्षित पातळी कोणतीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल खाल्लेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट अंश शरीरात शोषते, आणि ते शिसे जाते वाढत्या मेंदूकडे. बुद्धी, लक्ष, वागणूक यांवर होणारा परिणाम भरून निघत नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे, असा अंदाज मांडला होता. बॅटऱ्यांची भंगारदुकाने, भिंतींचे रंग, भेसळीची हळद, कल्हई बिघडलेली भांडी असे त्याचे अनेक मार्ग. त्या यादीत वाढदिवसाची पूड हा बारीकसा मार्ग आहे हे खरे. पण बॅटरीची भट्टी बंद करणे एका आईच्या हातात नसते. पुडीचा डबा न उघडणे असते.

गंमत अशी की चांदीच्या वर्खाच्या बाबतीत भारतीय नियम पुरेसे चोख आहेत. वर्खाची चांदी ९९.९ टक्के शुद्ध हवी आणि तो करताना प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही, असे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ठरवून दिले आहे. काजूकतलीवरच्या झळाळीला नियम आहे. कुकीवरच्या झळाळीचा डबा मात्र ऑनलाइन मागवला जातो, त्यावरची भाषा कधी चिनी असते, कधी फक्त एक चांदणी. निदान एवढे तरी पाहावे की डब्यावर ‘खाद्य’ असे स्पष्ट लिहिले आहे, घटकांची यादी आहे आणि प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आहे. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी तो डबा रांगोळीच्या पेटीत ठेवावा.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक आडवळण. ‘एगलेस’ म्हटले की निर्धास्त होणाऱ्यांना हे ठाऊक नसते की कार्माइन नावाचा सुरेख नैसर्गिक लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात, चकाकत्या साखरमोत्यांवरचा लेप लाखेचा असू शकतो आणि वितळत्या हिममानवाचे डोके म्हणून बसवलेल्या मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असते. नैसर्गिक म्हणजे निरामिष नव्हे. आणि ते कडक चंदेरी मोती दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकायला अगदी मापाचे असतात, म्हणून त्या वयाच्या मुलांच्या कुकीवर ते नकोतच.

साखरेचा हिशेब थोडक्यात. नेहमीच्या कृतीत ४०० ग्रॅम मैद्याला साधारण २०० ग्रॅम साखर पडते आणि त्यातून तीसेक कुकी होतात. त्यांना पूर्ण लेप द्यायला ४५० ग्रॅम आयसिंग शुगर लागते. म्हणजे एका कुकीत सुमारे २२ ग्रॅम साखर, चहाचे साडेपाच चमचे. दोन ते अठरा वर्षांच्या मुलांनी दिवसभरात २५ ग्रॅमपेक्षा कमी वरची साखर खावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनचे म्हणणे आहे. एका कुकीत दिवस संपला. यातली दोनतृतीयांशाहून अधिक साखर लेपात आहे, पिठात नाही. त्यामुळे पूर्ण पृष्ठभाग लिंपण्याऐवजी नुसत्या रेषांनी चित्र काढले, तर साखर निम्म्यावर येते आणि कुकीला कुकीची चवही राहते. लेपाखाली लोण्याचा खमंगपणा गुदमरतो, हे कोणी बोलून दाखवत नाही. पार्टी संपल्यावर वरचा लेप चाटून टाकून दिलेल्या कुकी मोजल्या म्हणजे कळते.

कच्च्या गोळ्याविषयी मात्र आग्रहाने सांगायला हवे, कारण मुलांना कुकी करायला बसवले की पहिला घास कच्च्या पिठाचाच जातो. मोठ्यांची नजर कच्च्या अंड्यावर असते, सालमोनेलाच्या भीतीने, आणि ती रास्तही आहे. मैदा मात्र निरुपद्रवी समजला जातो. मैदा हा शेतातून आलेल्या, न शिजवलेल्या धान्याची पूड आहे. दळल्याने जंतू मरत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत दूषित पिठातून ई. कोलायची मोठी साथ पसरली, ती यामुळेच. आपल्याकडे कणकेचा कच्चा गोळा चघळणारी मुले घरोघरी असतात, तेव्हा ही सवय कुकीच्या निमित्ताने मोडली तर बरेच. लेपासाठी कच्चे अंडे वापरण्याऐवजी निर्जंतुक केलेली अंड्याची पूड मिळते, आणि लिंबूरस-पिठीसाखरेचा बिनअंड्याचा लेपही रेषा काढण्यापुरता चांगला वाळतो. मुंबईच्या दमट हवेत मात्र कोणताच लेप लवकर वाळत नाही. रात्रभर पंख्याखाली ठेवलेली कच्च्या अंड्याची ताटे हे पाककृतीच्या पुस्तकात न लिहिलेले दृश्य आहे.

मग हसायचे कशावर? खरे तर हसू रंगातून येतच नाही. व्यंगचित्रकाराला काळी शाई आणि कोरा कागद पुरतो. दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ यांनी कुकीला भुवई उंचावता येते, तोंड वाकडे करता येते, झोप आणता येते. तोडलेल्या पायाच्या माणसाला हसू येते ते त्याच्या चेहऱ्यामुळे. तो लाल आहे की पांढरा याने फरक पडत नाही. मेंदीचा कोन धरायची सवय असलेल्या बायकांच्या हाताला ही रेघ लवकर वश होते, आणि आधी कड आखून मग आत भरायचे हे तंत्र तर रांगोळीचेच. देवनागरीत लिहिताना शिरोरेघ आधी ओढून घेतली की अक्षरे एका ओळीत बसतात. जोडाक्षरांच्या वाटेला मात्र छोट्या कुकीवर जाऊ नये, ‘शुभेच्छा’ लिहिता लिहिता जागा संपते आणि विनोद नको तिथे होतो.

काळी रेघ हवी असेल तर लेपात कोको घालून तो गडद तपकिरी करावा. मग काळ्या रंगाचा थेंबभर पुरतो किंवा लागतच नाही. लालऐवजी बिटाच्या पुडीचा गुलाबी, केशराचा पिवळा. हळद तर घरातच आहे, पण तिचा स्वभाव ओळखून. कुंकू हळदीपासून करतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांगायला नको की अल्कधर्मी पदार्थ भेटला की हळद लाल होते. कुकीच्या पिठात खायचा सोडा जास्त पडला तर पिवळा सूर्य भाजता भाजता तांबूस होतो. जांभळ्या कोबीचा अर्क याहून खोडकर. लिंबू पिळले की गुलाबी, अंड्याच्या किंचित अल्कधर्मी पांढऱ्यात मिसळला की निळसर. मुलांच्या पार्टीत एकाच वाटीतून दोन रंग काढून दाखवले, तर ती करमणूक कुठल्याही सोनेरी पुडीहून मोठी ठरते, आणि आठवीच्या पुस्तकातला दर्शकांचा धडा फुकटात होतो.

घरगुती बेकरांना यात खलनायक करणे अन्यायाचे होईल. टाळेबंदीच्या काळात कितीतरी बायकांनी याच ओव्हनवर घर चालवले. त्यांतल्या अनेकींना आपल्या बाटलीत काय आहे हे जाणून घ्यायचे असते. पुरवठादार सांगत नाही. छोट्या घरगुती अन्नव्यवसायालाही प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणी झाली म्हणजे रंग मोजायला कोणी शिकवले असे होत नाही. अन्न आणि औषध प्रशासनाने दिवाळीच्या तोंडावर खव्याचे छापे घालावेत, घालतच असते. त्यातला एक दिवस बेकरीसामानाच्या घाऊक बाजारात सजावटीच्या पुड्यांचे नमुने उचलायला काढला, तर शंभर ताईंना वेगवेगळे पकडण्याहून जास्त काम होईल. तोवर मागणी बदलणे ग्राहकाच्या हातात आहे. ऑर्डर देताना ‘रंग गडद हवा’ याऐवजी ‘चेहरा मजेशीर हवा, रंग फिकट चालेल, चमक नको’ एवढे तीन तुकडे बोलले की बेकरचाही जीव भांड्यात पडतो. गडद लाल करण्यात तिचा वेळ जातो, महागडी बाटली रिकामी होते आणि चवीला कडवटपणा येतो तो वेगळाच.

नैसर्गिक रंगांची एक अडचण मात्र मान्य करायला हवी. ते टिकत नाहीत. बिटाचा गुलाबी उजेडात विटतो, हळद उन्हात फिकट होते, कोबीचा निळा दोन दिवसांत राखाडी पडतो. आठवडाभर आधी करून ठेवलेल्या कुकी त्यामुळे पार्टीच्या दिवशी म्हाताऱ्या दिसतात. चकत्या आधी भाजून हवाबंद डब्यात भराव्यात आणि चेहरे आदल्या संध्याकाळी काढावेत. पोरे हाताशी असतील तर कोन त्यांच्याच हातात द्यावा. नाक कानाजवळ गेले तरी चालते.